मिश्र पोलादाचं ओतकाम: दाणा साच्यात पडतो, त्याची तयारी आधी करा

नागपूरच्या चहूबाजूंनी कोळसा, सिमेंट, गिट्टी आणि वीज यांचे कारखाने आहेत. त्यामुळे हिंगणा-बुटीबोरीकडच्या फाउंड्रीकडे येणाऱ्या ऑर्डरीही साधारण ठरलेल्या असतात: क्रशरचे हातोडे, जॉ प्लेट, मिलचे लायनर, स्प्रॉकेट, गिअर ब्लँक. यातलं बरंचसं काम दोन जातींच्या पोलादात बसतं. एक म्हणजे ०.३० टक्के कार्बन आणि १ टक्का क्रोमियमच्या आसपासचं क्रोम-मोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद). दुसरं म्हणजे १.२ टक्के कार्बन आणि १२-१३ टक्के मँगनीज असलेलं हॅडफिल्ड पोलाद, जे रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शेफिल्डला शोधलं. पुढचे सगळे आकडे ५०० किलोची इंडक्शन भट्टी आणि सोडियम सिलिकेट-सीओटूचे (वाळू कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेले) साचे धरून दिले आहेत.

पार्ट तुटून परत आला की पहिलं बोट हीट ट्रीटमेंटवर रोखलं जातं. क्रोम-मोलीत हा संशय निम्मा तरी बरोबर ठरतो. हे पोलाद तापवलं की त्याची आतली रचना बदलते, फेराइट-पर्लाइटचं ऑस्टेनाइट होतं, निवताना ते पुन्हा बदलतं आणि दरवेळी नवे दाणे (पोलादाचे सूक्ष्म स्फटिक) जन्मतात. ओतताना जाड पडलेला दाणा नॉर्मलायझिंगमध्ये (तापवून हवेत निववण्यात) बराच सुधारतो. हॅडफिल्डला ही सोय नाही. ते पाण्यात विझवल्यावर खोलीच्या तापमानालाही ऑस्टेनाइटच राहतं. रूपांतर होत नाही, म्हणजे साच्यात जो दाणा पडला तोच पार्टच्या आयुष्यभर राहतो. आधी मुद्दाम पर्लाइट करून मग पुन्हा ऑस्टेनाइट करण्याची एक लांबलचक पद्धत आहे, पण तिच्यात भट्टीचे इतके तास जातात की क्रशरच्या हातोड्यासाठी ती कोणी करू नये.

जाडी आधी, केमिस्ट्री नंतर

ड्रॉइंग हातात आलं की सर्वांत जाड भाग शोधा आणि त्याचं मॉड्युलस काढा: घनफळ भागिले निवणारं पृष्ठफळ. मोठ्या सपाट प्लेटसाठी ते जाडीच्या निम्मं येतं, म्हणजे ४० मिमीच्या प्लेटचं २ सेंमी आणि ८० मिमीच्या प्लेटचं ४ सेंमी. गोठायला लागणारा वेळ मॉड्युलसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट होतो.

या वेळेचा पोलादाच्या पोतावर काय परिणाम होतो? पोलाद गोठताना डेंड्राइट, म्हणजे झाडासारखे फांद्या फुटलेले स्फटिक, वाढतात. फांद्या आधी घट्ट होतात आणि त्यांनी बाहेर ढकललेलं मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम, फॉस्फरस, गंधक फांद्यांमधल्या उरलेल्या द्रवात साठत जातं. फांद्यांमधलं अंतर गोठण्याच्या वेळेच्या साधारण घनमुळाने वाढतं. वेळ चौपट झाला तर अंतर सुमारे १.६ पट होतं. हा फरक किरकोळ वाटतो, पण साठलेले घटक पुन्हा समान पसरवायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अडीच पट. ४० मिमीच्या लायनरला जी होमोजिनायझिंग सायकल (घटक समान पसरवण्यासाठीचं तापवणं) पुरते ती ८० मिमीला पुरत नाही, याचं कारण हे आहे. कार्बन चपळ असतो, तो काही तासांत सरकतो. मँगनीज, क्रोम आणि मोली मात्र ११५०° से.लाही रेंगाळतात. म्हणून जाड पार्टमध्ये फांद्यांमधलं अंतर गोठतानाच कमी ठेवणं हे भट्टीतल्या डिझेलपेक्षा स्वस्त पडतं.

ताव किती

आधी लिक्विडस काढा, म्हणजे निवताना पोलाद गोठायला सुरुवात होते ते तापमान. कमी कार्बनच्या पोलादासाठी १५३७ मधून हे वजा करा: कार्बन टक्के गुणिले ७८, सिलिकॉन गुणिले ७.६, मँगनीज गुणिले ४.९, फॉस्फरस गुणिले ३४.४, गंधक गुणिले ३८, क्रोमियम गुणिले १.३, निकेल गुणिले ३.१. समजा कार्बन ०.३०, सिलिकॉन ०.४५, मँगनीज ०.८०, क्रोम १.०, फॉस्फरस व गंधक प्रत्येकी ०.०२ टक्के आहेत. वजाबाकी सुमारे ३३ अंशांची होते आणि लिक्विडस १५०३-१५०४° से. येतं. हॅडफिल्डला हे सूत्र लावू नका, इतक्या कार्बनला ते चुकतं. त्याचं लिक्विडस १३९०-१४००° से.च्या आसपास धरून चाला.

क्रोम-मोली साच्यात शिरतानाचा ताव (पोलादाचं तापमान): २५ मिमीच्या भागाला १५८०° से.पर्यंत, ५० मिमीला १५६०, १०० मिमी आणि पुढे १५४५-१५५०. हॅडफिल्ड: ४० मिमीपेक्षा पातळ असेल तर १४६०-१४८०, ५० ते १०० मिमीला १४३०-१४५०, त्याहून जाड पार्टला १४१०-१४३०.

ताव जास्त असला की साच्याच्या भिंतीवरून आत वाढणारे लांब स्तंभासारखे दाणे थेट मध्यापर्यंत पोहोचतात आणि समोरासमोर भेटतात. भेटीच्या त्या रेषेवर फॉस्फाइड, सल्फाइड आणि आकुंचनाची छिद्रं जमतात. हॅडफिल्डचा जाड हातोडा मधोमध उभा चिरतो तो याच रेषेवर. ताव कमी असला तर भिंतीजवळचे बारीक स्फटिक वितळून न जाता द्रवात तरंगतात, मध्यभागी सर्व दिशांना सारखे दाणे तयार होतात आणि स्तंभांची वाढ अडते. मात्र फारच कमी तावाने ओतलं तर कोल्ड शट (दोन प्रवाह नीट न जुळल्याची फट) येतं, स्लॅग (मळी) वर यायला वेळ मिळत नाही आणि रायझर (आकसणाऱ्या पार्टला द्रव पुरवणारा साठा) आधी गोठतो. म्हणून वरच्या आकड्यांच्या खालच्या टोकाला जायचं धाडस जाड पार्टलाच करावं, पातळ जॉ प्लेटला नाही.

मोजमाप बुडवायच्या थर्मोकपलने करा. ऑप्टिकल पायरोमीटर स्लॅगच्या सायीवर रोखला तर भलताच आकडा दाखवतो. टॅपिंगनंतर (भट्टीतून पोलाद काढल्यावर) चांगल्या तापवलेल्या ५०० किलोच्या लॅडलमध्ये (ओतण्याच्या पात्रात) ताव मिनिटाला साधारण १० अंश उतरतो. थंड लॅडल एकदम ६०-८० अंश खाते, आणि ते भरून काढायला भट्टीत जादा ताव चढवला जातो. तिथून सगळं बिघडतं: अस्तर झिजतं, सिलिका अस्तरातून सिलिकॉन वाढतं, कार्बन उतरतो, नायट्रोजन आणि हायड्रोजन जास्त विरघळतात. लॅडल आतून ८००° से.च्या वर लाल तापवणं ही या लेखातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. आणि एका लॅडलने पाच साचे भरायचे असतील तर पातळ पार्ट आधी, जाड पार्ट शेवटी. कित्येक ठिकाणी उलट चालतं, कारण जाड साचा भट्टीच्या जवळ असतो.

चार्जचा हिशेब: कार्बन आणि फॉस्फरस मागच्या दाराने येतात

क्रोम-मोलीत क्रोमियम ०.१ वरून १.० टक्क्यावर न्यायचं आहे. ५०० किलोत ४.५ किलो क्रोमियम लागेल. फेरोक्रोममध्ये ६२ टक्के क्रोम आणि ९३ टक्के रिकव्हरी (प्रत्यक्ष पोलादात उतरणारा वाटा) धरली तर ७.८ किलो फेरोक्रोम झालं. हाय-कार्बन जातीत ७ टक्के कार्बन असतो, म्हणजे ०.५५ किलो कार्बन, हीटमध्ये (भट्टीच्या एका घाण्यात) ०.११ टक्के. ०.३०चं लक्ष्य असताना ०.११ हा काही गंमतीचा आकडा नाही. एकतर स्क्रॅप ०.१५-०.१८ कार्बनचं घ्या, नाहीतर लो-कार्बन फेरोक्रोमला पैसे मोजा.

हॅडफिल्डमध्ये हा हिशेब आणखी आवळतो. १२.५ टक्क्यांसाठी ६२.५ किलो मँगनीज हवं. ७५ टक्क्यांचं हाय-कार्बन फेरोमँगनीज आणि ९२ टक्के रिकव्हरी धरली तर ९०-९१ किलो घालावं लागतं. त्यातूनच ६.३ किलो कार्बन येतो, म्हणजे १.२७ टक्के. स्क्रॅपचा कार्बन मिळून १.४ कधी ओलांडला ते कळतही नाही. त्यामुळे काही भाग मीडियम-कार्बन फेरोमँगनीजचा ठेवा.

फॉस्फरसचं दुखणं याहून मोठं. त्याच ९१ किलोत ०.३० टक्के फॉस्फरस असेल तर हीटमध्ये ०.०५४ टक्के त्याच एका घटकाने आणला. मान्सर, कांद्री, गुमगावच्या खाणी नागपूर जिल्ह्यातच आहेत, मँगनीज खाणणाऱ्या सरकारी मॉइल कंपनीचं मुख्य कार्यालयही इथेच, आणि फेरोमँगनीज मिळायला अडचण नाही. पण आपल्याकडच्या मँगनीजच्या खनिजात फॉस्फरस सहसा जास्त असतो. म्हणून गोणीवरच्या मँगनीजच्या टक्क्यापेक्षा सर्टिफिकेटवरचा फॉस्फरस आधी वाचा. हॅडफिल्डला ०.०७ ही बऱ्याच स्पेसिफिकेशनची वरची मर्यादा असते. जाड पार्टसाठी ०.०५च्या खाली राहा. इंडक्शन भट्टीत फॉस्फरस काढता येत नाही. रायझर-रनरचं रिटर्न (कापून परत आलेलं पोलाद) पुन्हा पुन्हा फिरवलं की तो साठत जातो, म्हणून रिटर्न चार्जच्या ४० टक्क्यांवर नेऊ नका.

क्रम असा: निकेल आणि फेरोमोली स्क्रॅपबरोबर सुरुवातीलाच टाका, ती ऑक्सिडाइज होत नाहीत. फेरोक्रोम सगळा चार्ज वितळून सपाट झाल्यावर. फेरोसिलिकॉन आणि फेरोमँगनीज शेवटच्या टप्प्यात (हॅडफिल्डमध्ये मँगनीज हप्त्याहप्त्याने, आधी लालसर तापवून). हॅडफिल्ड सिलिका अस्तरात वितळवू नका. मँगनीज ऑक्साइड सिलिकाला खाऊन पातळ स्लॅग करतं. मॅग्नेसाइट किंवा स्पिनेल बनवणारं अॅल्युमिना अस्तर लावा. साच्याच्या सिलिका वाळूवरही हाच हल्ला होतो, त्यामुळे फेसिंगला (पोलादाला भिडणाऱ्या थराला) क्रोमाइट किंवा ऑलिव्हिन वाळू, निदान मॅग्नेसाइटचा वॉश (लेप) हवाच.

लॅडलमधली भर

अॅल्युमिनियम, कॅल्शियम, टायटॅनियम, बोरॉन यांची मात्रा ग्रॅममध्ये असते, म्हणून ती मुठीने टाकण्याची सवय पडते. पोलादातली सर्वांत महागडी मूठ हीच. वजनकाटा भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर ठेवा आणि प्रत्येक हीटच्या पुड्या आदल्या दिवशी बांधून ठेवा.

अॅल्युमिनियम टनाला ०.८ किलो, म्हणजे आपल्या हीटला ४०० ग्रॅम. निम्मं टॅपिंगच्या आधी भट्टीत बुडवा, निम्मं लॅडल एक तृतीयांश भरल्यावर. फेकलेला तुकडा स्लॅगवर तरंगत जळून जातो, म्हणून सळईला बांधून खाली दाबा. पोलादात शिल्लक अॅल्युमिनियम ०.०३ ते ०.०५ टक्के हवं. कमी टाकून वाचवण्याचा मोह इथे फार महागात पडतो. सिम्स आणि डाल यांनी १९३८ मध्ये सल्फाइडचे तीन प्रकार मांडले, ते आजही फाउंड्रीत उपयोगी पडतात. अॅल्युमिनियम अजिबात नसताना, फक्त सिलिकॉन-मँगनीजने ऑक्सिजन काढला तर सल्फाइड गोल आणि विखुरलेलं असतं. अॅल्युमिनियम अर्धवट पडलं तर तेच सल्फाइड दाण्यांच्या सीमेवर माळेसारखं पसरतं, आणि लांबण्याची क्षमता व इम्पॅक्ट (धक्का सोसण्याची ताकद) दोन्ही कोसळतात. पुरेसं अॅल्युमिनियम असलं तर कोनदार, सुटे कण मिळतात. म्हणजे सर्वांत वाईट जागा मधली आहे.

वरची बाजूही मोकळी नाही. जाड भागात अॅल्युमिनियम आणि नायट्रोजन दोन्ही जास्त असतील तर सावकाश निवताना ऑस्टेनाइटच्या दाण्यांच्या सीमेवर अॅल्युमिनियम नायट्राइड पसरतं. असा पार्ट तुटला की फ्रॅक्चर खडीसाखरेच्या खड्यासारखं, मोठमोठ्या चकचकीत पैलूंचं दिसतं. हीट ट्रीटमेंटने ते दुरुस्त होत नाही, तो पार्ट सरळ भंगारात टाका. ७५ मिमीच्या पुढे अॅल्युमिनियम ०.०२-०.०३५ वर आणा आणि नायट्रोजन बांधायला टायटॅनियम वापरा: ०.०३ टक्क्यासाठी १५० ग्रॅम टायटॅनियम, ६० टक्के रिकव्हरी आणि ७० टक्क्यांचं फेरोटायटॅनियम धरून सुमारे ३६० ग्रॅम. टायटॅनियम नायट्राइडचे स्फटिक डेल्टा फेराइटच्या जाळीशी इतके जुळतात की त्यांच्यावर नवे दाणे सहज उगवतात. त्यामुळे दाणा बारीक होण्याचा लाभही होतो. पण ०.०५च्या पुढे गेलात तर हेच कण मोठे, चौकोनी, नारिंगी रंगाचे होतात आणि चिरेची सुरुवात तिथूनच होते. हॅडफिल्डचं नशीब वेगळं आहे. ते डेल्टा फेराइटने नव्हे, थेट ऑस्टेनाइटने गोठतं, त्यामुळे टायटॅनियमचा दाणा बारीक करण्याचा परिणाम तिथे कमी भरवशाचा. तिथे तावावर ताबा ठेवा. पावडरींच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

कॅल्शियम-सिलिसाइड अॅल्युमिनियमनंतरच, टनाला १.५ किलो, म्हणजे ७५० ग्रॅम. कॅल्शियम १४८४° से.ला उकळतं, म्हणजे पोलादात पडताच त्याची वाफ होते आणि बहुतांश निघून जाते. लॅडलच्या तळाशी आधी टाकून ठेवू नका. पोलादाची धार पडत असताना धारेखाली सोडा. उरलेल्या थोड्या कॅल्शियमने टोकदार अॅल्युमिनाचे पुंजके गोल, द्रव थेंबांत बदलतात आणि ते वर तरंगून स्लॅगमध्ये जातात. दोन मिनिटं थांबा, मग ओता. मिशमेटल (दुर्मिळ मृदा धातूंचं मिश्रण) वापरणार असाल तर आधी गंधक ०.०२च्या खाली असू द्या आणि टनाला १ किलोच्या वर जाऊ नका. जास्त घातलं की त्याची जड ऑक्साइड-सल्फाइड वर तरंगत नाहीत आणि पार्टच्या तळाशी साचतात.

बोरॉन जाड क्रोम-मोलीला आतपर्यंत कडक करायला उपयोगी आहे, तेही फक्त ०.००१-०.००३ टक्के. ०.००२ साठी ५०० किलोत १० ग्रॅम बोरॉन लागतं. ६० टक्के रिकव्हरी आणि १७ टक्क्यांचं फेरोबोरॉन धरून सुमारे ९८ ग्रॅम. टायटॅनियमने नायट्रोजन बांधल्याशिवाय बोरॉन टाकलं तर ते नायट्राइड होऊन बसतं आणि हार्डनेबिलिटी वाढत नाही. दुप्पट पडलं तर सीमेवर बोरॉनचे ठिसूळ पुंजके येतात. अॅल्युमिनियम, मग टायटॅनियम, मग बोरॉन, हा क्रम मोडू नका.

पावसाळ्यातली एक वेगळी गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये फेरोअलॉय, चुनखडी आणि गंजलेलं स्क्रॅप ओलावा धरतात, सिलिकेटचे साचेही. तो हायड्रोजन पोलादात जातो आणि पृष्ठभागाखाली पिनहोल देतो. मिश्रधातू २००-३००° से.ला दोन तास भाजा, साचा बंद करण्याआधी गॅसची ज्योत फिरवा, आणि ओली गोणी भट्टीच्या आसपासही आणू नका. भट्टीत पाण्याचा थेंब गेला तर स्फोट होतो, पोत बिघडण्याची चिंता त्यानंतरची.

चिल कुठे, किती

जाड भागाला बाहेरून लोखंडी चिल (उष्णता ओढणारा ठोकळा) लावला की तिथला गोठण्याचा वेळ घटतो, फांद्या जवळ येतात आणि गोठणं चिलकडून रायझरकडे सरकतं. १०० मिमीच्या भागाला ५०-७५ मिमी जाडीचा चिल पुरतो. चिल सलग मोठा नको. तुकडे करून मध्ये २०-२५ मिमी वाळू सोडा, नाहीतर चिलच्या काठावर हॉट टिअर (गरम असतानाच पडणारी चीर) येतो. गंज पूर्ण काढा, वॉश लावा आणि साच्यात बसवण्याआधी तापवा. रात्रभर ठेवलेल्या थंड चिलवर दव जमतं आणि सकाळी त्याच जागी ब्लो होल येतात. जिथे चिल बसत नाही त्या आतल्या कोपऱ्यात क्रोमाइट वाळू भरा. ती सिलिका वाळूपेक्षा उष्णता लवकर ओढते. पोलादात आत सोडून द्यायचे चिल टाळा. ते न वितळता राहिले तर तीच चीर.

हॅडफिल्डच्या पॅटर्नला आकुंचन २.५ ते ३ टक्के द्या, साध्या पोलादाला २ पुरतं. तो साच्यात जास्त ओढला जातो, म्हणून कोअर नरम ठेवा आणि ओतल्यावर पार्ट मोकळा आकसू शकेल इतकी वाळू सैल करा.

हॅडफिल्ड पाण्यात टाकताना

साच्यातून काढलेला हॅडफिल्ड ठिसूळ असतो, कारण सीमेवर कार्बाइडचं जाळं असतं. म्हणून तो सुरुवातीला हळू तापवा: ६५०° से.पर्यंत तासाला ५०-८० अंश. पुढे वेगाने १०५०-१०८० वर न्या आणि तापमान पोहोचल्यावर दर २५ मिमीला एक तास धरा. दीड-दोन टक्के क्रोम असेल तर ११०० लागतील. भट्टीचं दार उघडल्यापासून पाण्यात बुडेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत काम झालं पाहिजे. ९५०च्या खाली उतरला की कार्बाइड पुन्हा सीमेवर यायला लागतं.

पाणी किती? ५०० किलो पार्ट १०५० वरून ५० अंशांवर आणायला साधारण ३ लाख किलोज्यूल बाहेर काढावे लागतात. पाण्याचं तापमान १५ अंशांहून जास्त वाढू द्यायचं नसेल तर पाच हजार लिटर पाणी हवं, म्हणजे किलोला दहा लिटर. मे महिन्यात उघड्यावरची टाकी दुपारी ३५ अंशांवर सहज जाते. तेवढ्याने मोजमाप बिघडतं, कारण शेवटचं पाणी ५० अंशांच्या आत राहायला हवं. उन्हाळ्यात क्वेंचिंग पहाटे घ्या, टाकीवर छप्पर घाला आणि पंपाने पाणी फिरतं ठेवा. स्थिर पाण्यात पार्टभोवती वाफेची खोळ बसते आणि आतला भाग कार्बाइडसह राहतो.

तपासणी

जाड पार्टच्या हीटला २५ मिमीचा कील ब्लॉक (चाचणीचा ठोकळा) ओतून त्याचा रिपोर्ट जोडला तर तो त्या ब्लॉकचाच रिपोर्ट ठरतो. पार्टच्या जाडीइतकाच ठोकळा त्याच लॅडलमधून, त्याच तावाला ओता. क्रोम-मोली २-३ टक्के नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) एच होतो, म्हणजे दाणे दिसतील इतका कोरला जातो. डेंड्राइट बघायचे असतील तर कापलेला तुकडा निम्म्या-निम्म्या पाणी-हायड्रोक्लोरिक आम्लात ७०-८०° से.ला २० मिनिटं ठेवा, तेही हवेशीर जागी. हॅडफिल्डसाठी नायटलनंतर वर येणारी काळी साय अल्कोहोलमधल्या १० टक्के हायड्रोक्लोरिकने पुसा, मग सीमा स्वच्छ दिसतात. शॉप फ्लोअरवर चुंबक पुरतो, पण आधी २ मिमी ग्राइंड करा. वरचा थर भट्टीत कार्बन गमावून किंचित चुंबकीय झालेला असतो. खाली चुंबक चिकटला तर क्वेंच फसलं. याशिवाय १३ × १९ मिमीची पट्टी २५ मिमी दांड्याभोवती १५० अंश वाकवून बघा.

फ्रॅक्चर पाहून कारण शोधताना हा अंदाज धरा. लांब स्तंभ मध्यात भेटलेले दिसले तर ताव जास्त होता. पैलूदार चकचकीत खडे म्हणजे अॅल्युमिनियम-नायट्रोजन. सीमेवर काळ्या रेषा आणि दाणा मोठा, तर हॅडफिल्डमध्ये फॉस्फाइड किंवा उशिरा झालेलं क्वेंच. दोन्हींत फरक असा की पुन्हा सोल्यूशन केल्यावर (तापवून पाण्यात विझवल्यावर) कार्बाइड विरघळतं, फॉस्फाइड नाही. क्रोम-मोलीचा इम्पॅक्ट कमी आणि हार्डनेस बरोबर असेल तर टेम्परिंगनंतर तो ३७५-५७५° से.च्या पट्ट्यातून सावकाश निवला का ते आधी विचारा. पार्ट टेम्परिंगच्या भट्टीतच रात्रभर राहू नये म्हणून सांगायचं कारण तेच.

रायझर काढताना हॅडफिल्डवर गॅस कटर चालवू नका. साच्यातच ब्रेकर कोअर (रायझरची मान अरुंद करणारी पातळ चकती) लावा आणि क्वेंचच्या आधी, ठिसूळ असतानाच हातोड्याने पाडा. क्रोम-मोलीचा रायझर कापण्याआधी तो भाग १५०-२००° से.पर्यंत तापवा, आणि कापल्यावर वाऱ्यात न ठेवता वाळूत किंवा भट्टीजवळ निवू द्या.